शुक्रवारच्या रात्रीचं मला माहीत नाही

कोल्पापाता, ६ जून २००४

नेलिदा पोरी,

तुझ्या मामानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलाय, तो कसा ते ऐक.

आज गावाची सभा झाली. गेल्या वर्षी डॉन इलारियोनं आकाशाकडे बोट दाखवून "पसरा" म्हटलं, चाळीस घरांनी पठारावर बटाटे पसरले आणि दुसऱ्याच रात्री बर्फ पडला, हे तुला माहीत आहे. गोठवून, तुडवून, वाळवून वर्षभर पुरवायचा तो सगळा चुन्यो काळा पडला, घाण मारायला लागला. डुकरांनी सुद्धा तोंड लावलं नाही. वर्षभर लोकांनी सूपात नुसतं पाणी ढवळलं. त्यामुळे यंदा इलारियोवर सगळे खवळलेले. कुणीतरी मागून ओरडलं, "तेओफिलोची भाची पुनोला कॉम्प्युटरवर हवा बघते की! त्यालाच दिवस ठरवू दे!" मी नको नको म्हणत होतो, पण तुझी मामी मागून कोपर मारत होती. झालं, टाळ्या वाजल्या. इलारियो टोपी घालून उठून गेला. तीस वर्षं दिवस तोच सांगत आला होता.

तर आता तू मला सांगायचं. आम्हाला काय लागतं ते तू शहरात राहून विसरली नसशीलच. लागोपाठ तीन रात्री, पाणी दगडासारखं गोठेल अशी थंडी, वर आभाळ मोकळं, आणि बर्फाचा एक कणही नको. चौथ्या दिवशी पायानं तुडवून पाणी काढायचं. आठवड्याचा अंदाज लिहून पाठव. सेवेरोची बस रोज सकाळी सातला निघते, पत्र त्याच्याकडेच देत जा, तो खिशात ठेवतो.

तुझा मामा,
तेओफिलो


पुनो, ८ जून

मामा,

मला विचारायच्या आधीच हो म्हणून बसलात! मामीला सांगा, पुढच्या वेळी कोपर मला मारायचं.

आता नीट वाचा, कारण ही गोष्ट मी इथे हवामान केंद्रात रोज सांगते आणि कुणी ऐकत नाही. कॉम्प्युटर पंचवीस किलोमीटरची एक चौकट धरतो आणि तीत सगळीकडे एकच उंची मानतो. तुमचं पठार, इलारियोंचा डोंगर आणि अर्धं तळं, त्याच्या लेखी सगळी एकच सपाट परात. त्यामुळे त्यानं दिलेला आकडा कोल्पापाताचा नसतोच. तो कुणाचाच नसतो. जागेवरचं तापमान मोजून बघायचं, कॉम्प्युटर तिथे किती चुकतो ते काढायचं, आणि मग पुढच्या आठवड्याच्या आकड्यात तेवढी दुरुस्ती करायची. एवढं साधं काम आहे. पण आमचे इंजिनियर सालदिवार म्हणतात, "सेन्योरिता, आलेला आकडा वाचायचा, शहाणपण करायचं नाही." रोज पहाटे मी रेडिओ तोतोरावर तो परातीचा आकडा वाचते आणि चरफडत घरी येते.

सेवेरोबरोबर एक थर्मामीटर पाठवतेय. उघड्यावर, माणसाच्या उंचीवर, सावलीत टांगा. रोज उजाडायच्या आधी वाचून लिहून ठेवा. आणि जीव लावून सांभाळा हो, केंद्राची मालमत्ता आहे. फुटला तर सालदिवार माझं डोकं खातील.

नेलिदा


कोल्पापाता, १३ जून

पोरी,

थर्मामीटर आला. कणभरही तडा नाही. सेवेरोनं तो वाटभर मांडीवर धरला होता, म्हणजे बस कशी चालवली ते देवच जाणे. अंगणातल्या खांबाला खिळा ठोकून टांगलाय. गावातली बायकापोरं बघायला येऊन जातात. तुझी मामी तर त्याला डोळ्यांत तेल घालून जपते.

नऊ तारखेपासूनचे आकडे, सगळे शून्याच्या वरचे: सहा, पाच, सहा, सहा, पाच. एकही दिवस चुकवला नाही. शाळेत शिपाई होतो तेव्हा घंटाही इतकी वेळेवर दिली नसेल.

काल इलारियो वाटेत भेटला. म्हणाला, "काय रे, ती काचेची कांडी काय म्हणते?" मी म्हटलं, "तुझ्यापेक्षा कमी बोलते." हसला नाही. पण लवकर सांग गं. बटाट्यांचे ढीग गवताखाली झाकून ठेवलेत, आणि झाकलेल्या बटाट्याला कोंब फुटतात.

मामा


पुनो, १४ जून

मामा,

तुमचे आकडे बघून डोकं चक्रावलं. कॉम्प्युटर त्याच दिवसांसाठी शून्याखाली तीन दाखवत होता, आणि तुमच्याकडे शून्याच्या वर पाच-सहा! आठ-नऊ अंशांचा फरक! मला वाटत होतं की खोलगट पठारावर थंडी साचते, म्हणजे तुमच्याकडे उलट जास्त गारठा असणार. पण मोजलेला आकडा तो मोजलेला आकडा. तळ्याची ऊब तुमच्या बाजूला पोचत असेल. मी अख्खी रात्र त्यावर घालवली आणि दुसरं कारण सापडलं नाही.

या आठवड्यात कॉम्प्युटरची दोन्ही मॉडेल, म्हणजे हिशोबाच्या दोन रीती, मंगळवार ते शुक्रवार आभाळ मोकळं आणि शून्याखाली तीन-चार सांगतायत. दोन्ही एकमेकांशी सहमत, असं क्वचित होतं. तुमचा फरक मिळवला तर कोल्पापातात शून्याच्या वर चार-पाच. म्हणजे गोठणार नाही. अर्धवट गारठलेला बटाटा कुजतो हे मला शिकवायला नको. पसरू नका. थांबा.

सालदिवारांना हे दाखवलं तेव्हा ते कधी नव्हे ते म्हणाले, "मोजमाप आहे ना? मग ठीक." मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

नेलिदा


कोल्पापाता, १९ जून

नेलिदा,

तुला काय लिहू तेच कळत नाही.

मंगळवारी पहाटे अंगणातली बादली तळापर्यंत गोठली. मी म्हटलं, एखादा दिवस. बुधवारी लामा जनावरं पाणी पितात त्या डोणीवर चढून मी उभा राहिलो, बर्फ कडकडला सुद्धा नाही. गुरुवारी तेच, शुक्रवारी तेच. आभाळ असं निरभ्र की बोट लावलं तर टणकन वाजेल. चार रात्री! अशा चार रात्री दहा वर्षांत आल्या नव्हत्या. आणि चाळीस घरांचे बटाटे गवताखाली गुपचूप झोपलेले, कारण माझ्या भाचीच्या कॉम्प्युटरनं सांगितलं होतं, थांबा.

लोक घरी आले. ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. पाउलिना विधवा आहे, तिला चार पोरं. ती दारात उभी राहून फक्त म्हणाली, "डॉन तेओफिलो, मग आता कधी?"

तुझे आकडे लिहितो, कारण तू मागितलेस: पाच, पाच, सहा, पाच. काय उपयोग त्यांचा कोण जाणे.

मामा


पुनो, २१ जून

मामा,

बादली गोठली आणि थर्मामीटर पाच दाखवतो? शून्याच्या वर पाच असताना पाणी गोठत नाही, मामा! ना पुनोत, ना कोल्पापातात, ना जगाच्या पाठीवर कुठे! याआधी गोठलं होतं का? नऊ तारखेपासून? मला एका शब्दानं का नाही कळवलंत? मी आकडे मागितले म्हणून फक्त आकडे पाठवायचे का?

थर्मामीटर रात्री कुठे असतो? खरं सांगा. खांबावर असतो ना?

नेलिदा


कोल्पापाता, २३ जून

नेलिदा पोरी,

हे पत्र तुझी मामी सांगतेय आणि मी लिहितोय. तिनं असं सांगितलंय की मधे माझं काही घालायचं नाही.

"पोरी, मी बासिलिया. थर्मामीटर मी रोज संध्याकाळी आत आणायचे. तूच लिहिलं होतंस, सांभाळा, सरकारी वस्तू आहे, फुटली तर तुझं डोकं खातील. आमच्याकडे बाहेर ठेवलेली बाटली थंडीनं तडकते. काचेची नळी ती, रात्रभर बाहेर कशी टिकणार? चुलीमागे, आपल्या पाळलेल्या गिनीपिगांच्या कोनाड्यावर टांगायचे, तिथे ऊब असते. पहाटे तुझा मामा उठायच्या आत परत खांबावर. तो लगेच वाचायचा, म्हणून मी म्हटलं, काय बिघडलं? मला वाटलं, ते यंत्र आहे, त्याला सगळीकडचं कळत असणार. माझ्यावर रागाव, मामावर नको."

झालं तिचं. आता माझं. नऊ तारखेपासून बादलीवर रोज बर्फाची साय धरत होती. मला वाटलं, पाच म्हणजेच तसली थंडी असेल. तुझ्या आकड्यांची भाषा मला काय ठाऊक?

आणि एक सांगायचं राहिलं. परवाच्या सभेत मी सांगून टाकलं की भाचीनं "पसरा" असंच लिहिलं होतं, मीच आळस केला. लोकांनी माझ्याकडून काम काढून घेतलं. आता पुन्हा इलारियो. तुझं नाव खराब व्हायला नको होतं. तू रोज रेडिओवर बोलतेस, सगळं तळं तुझं ऐकतं. माझं काय, मी म्हातारा माणूस.

मामा


पुनो, २५ जून

मामा,

मामीवर मी रागावलेली नाही. तिला सांगा, चूक माझी. कुठे टांगलाय हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. तळ्याच्या उबेचं कारण माझ्याच डोक्यातून निघालं.

पण तुमच्यावर मात्र मी भयंकर संतापलेय! कुणी सांगितलं होतं माझं नाव वाचवायला? तुम्ही सगळ्यांना सांगून बसलात की अंदाज बरोबर होता आणि माणूस आळशी होता. म्हणजे आता तो आळशी माणूस काहीही सांगो, त्याचं कोण ऐकणार? आणि सांगायची वेळ तर आत्ताच आलीय.

चुलीमागचे आकडे फेकून दिले. तुम्ही ज्या डोणीवर उभे राहिलात आणि बर्फ कडकडला नाही, त्यावरून हिशोब केला. तुमच्याकडे कॉम्प्युटरच्या आकड्यापेक्षा पाच-सहा अंशांनी जास्त थंडी असते. म्हणजे मला आधी वाटलं होतं तेच खरं होतं! आता ऐका. बुधवार तीस जून आणि गुरुवार एक जुलै, दोन्ही रात्री आभाळ मोकळं, तुमच्याकडे शून्याखाली आठ-नऊ. या दोन रात्रींची मला खात्री आहे. शुक्रवारी दोन मॉडेल भांडतायत. एक म्हणतं, समुद्रावरून येणारं वादळ दक्षिणेलाच विरेल. दुसरं म्हणतं, ते थेट तुमच्या डोक्यावर बर्फ टाकेल. आणि त्यानंतर आठ-दहा दिवस ढगाळ, म्हणजे यंदाची ही शेवटची संधी समजा.

गावाला खरं सांगा. मामीचं सांगा, माझं सांगा, सगळं सांगा.

नेलिदा


कोल्पापाता, २७ जून

नेलिदा,

सांगितलं. पाण्याच्या डोणीपाशी दहा-बारा जण होते, त्यांना सांगितलं. पाउलिनाचा दीर म्हणाला, "डॉन तेओफिलो, गेल्या आठवड्यात तुम्ही एक सांगितलंत, आज दुसरं सांगताय. उद्या काय म्हणाल, गिनीपिगांनी सांगितलं?" सगळे हसले. त्यांचं तरी काय चुकलं?

इलारियोनं जाहीर केलंय, संत पीटर आणि पॉलचा सण होऊ दे, मग रविवारी चार तारखेला पसरायचं. तुझ्या म्हणण्याप्रमाणे तेव्हा ढग असणार. मी त्याच्या घरी गेलो. तो दारात बसून मका सोलत होता. म्हटलं, "इलारियो, एकदा माझं ऐक." म्हणाला, "तुझं की तुझ्या भाचीचं की कांडीचं? आधी ठरव." आणि पुन्हा मका सोलायला लागला.

मी माझे तेवढे बुधवारी पसरणार आहे. बाकीच्यांपुढे मी हात टेकले.

मामा


पुनो, २९ जून

मामा,

आज पहाटे तुम्ही रेडिओ ऐकला असेलच, तरी लिहिते. मी परातीचा आकडा वाचला नाही. मी म्हटलं:

"कोल्पापाताच्या पठारासाठी. मी नेलिदा चुरा बोलतेय. दोन आठवड्यांपूर्वी मी तिथल्या लोकांना थांबायला सांगितलं, ते चूक होतं. चूक माझी होती, डॉन तेओफिलोंची नाही. थर्मामीटर रात्री घरात होता आणि मी ते विचारलं नाही. बुधवार आणि गुरुवारच्या रात्री पठारावर पाणी कडक गोठेल, याची मला खात्री आहे. शुक्रवारच्या रात्रीचं मला माहीत नाही. कदाचित बर्फ पडेल, कदाचित नाही. मला माहीत नाही."

एवढंच. केंद्रात आमचं नाव रेडिओवर घ्यायची पद्धत नाही, आणि "माहीत नाही" हे शब्द तर तिथे कुणी आजवर उच्चारलेलेच नाहीत. सालदिवार आठ वाजता आले. ते काय म्हणाले ते जाऊ दे. तुमच्याकडे काय झालं ते लगेच कळवा, दुसरं काही मला सुचत नाहीये.

नेलिदा


कोल्पापाता, ५ जुलै

नेलिदा पोरी,

मंगळवारी पहाटे रेडिओ सगळ्या घरांत चालू होता. तू बोलायची थांबलीस आणि थोड्या वेळानं बाहेर कुजबुज सुरू झाली. दुपारपर्यंत काही ठरेना. लोक इलारियोकडे बघत होते, आणि तो स्वतःच्या ढिगावरचं गवत बाजूला करत होता. मग काय विचारतेस! बुधवारी दुपारी सगळं पठार बटाट्यांनी भरलं. पाउलिनाची पोरं सुद्धा ओंजळी ओंजळीनं पसरत होती.

दोन्ही रात्री गोठलं. असं गोठलं की सकाळी बटाटे एकमेकांवर खडखडत होते. छोटे सगळे दोन रात्रींत झाले. शुक्रवारी दुपारी बायका म्हणाल्या, पोरगी आज रात्रीचं माहीत नाही म्हणाली ना? मग उचला. ऊन लागून मऊ झालेले तुडवले, मोठे अर्धे कच्चे होते ते गोळा करून गवत आणि घोंगड्या टाकून झाकले. सगळ्यांनी झाकले, चाळीसातल्या एकोणचाळीस घरांनी.

मी झाकले नाहीत. छोटेही उचलले नाहीत, म्हटलं सगळे एकदमच तुडवू. मामी म्हणाली, झाका. मी म्हटलं, माझी भाची आहे, मला कळतं ती कशी बोलते. तिला माहीत आहे. साहेबाच्या भीतीनं तसं म्हणतेय. तिसरी रात्र मिळाली की माझा चुन्यो गावात सगळ्यात पांढरा होईल. पहाटे तीनला बर्फ सुरू झाला तो सकाळपर्यंत. सगळ्या गावानं तुझं ऐकलं पोरी, एक मीच ऐकलं नाही. मामी दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हती, आणि तिचं बरोबरच होतं.

काल संध्याकाळी दार वाजलं. इलारियो होता, पाठीवर चुन्योचं गाठोडं घेऊन, त्यातून पाणी गळतंय. त्याच्या मागे पाउलिना, तिच्या मागे बाकीचे, प्रत्येकाकडे थोडं थोडं. पाउलिनालाही मी नको म्हणू शकलो नाही, तिनं ऐकलंच नसतं. वर्ष निघेल आमचं. सगळे गेले तरी इलारियो जाईना. चुलीपाशी बसला. मग म्हणाला, "तेओफिलो, तीस वर्षांत मला किती तरी वेळा माहीत नसायचं. तरी मी बोट दाखवायचो. घरी येऊन झोप लागायची नाही. गेल्या वर्षी पण मला माहीत नव्हतं." मामीनं त्याला सूप वाढलं. तो सगळं प्यायला.

बुधवारपासून रेडिओवर दुसरीच कुणीतरी पोरगी आकडे वाचतेय. तू मला काही कळवलं नाहीस आणि मी विचारत नाही. पण तुझी मामी आणि इलारियो दोघंही विचारतायत, म्हणून लिहितो. आता हा सगळा चुन्यो वाळवायचाय. येत्या आठवड्यात ऊन किती दिवस असेल? जे माहीत असेल ते लिही, आणि ज्या दिवसाचं माहीत नसेल त्या दिवसापुढे तसंच लिही. त्या दिवशी सगळ्यांच्या आधी मी झाकीन.

तुझा मामा,
तेओफिलो